खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीविषयी, नव्या शिक्षिकेस

ताई, कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील तुमच्या मराठी शाळेत चौथीतली जी मुलगी गणिते सर्वांआधी सोडवून खिडकीबाहेर पाहत बसते, तिला त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणे देऊ नका. तिला ती शिक्षाच वाटते. त्याऐवजी धडा खोल न्यावा. घरी मराठी आणि बाजारात कन्नड ऐकणाऱ्या या मुलीला दोन्हींतील संख्यानामे ताडून पाहायला सांगा: ‘पंचवीस’मध्ये एकक आधी येतो, त्याच संख्येच्या कन्नड ‘इप्पत्तैदु’मध्ये दशक, हे स्वतः शोधल्यावर तिचा चेहरा जरूर पाहा.

कन्नड विषयात गुण कमी पडले म्हणून बुद्धीच बेताची, असे मात्र ठरवू नका; कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीचे झाल्यापासून हा प्रश्न वारंवार येतो आणि मी स्वतः एका मुलाबाबत ही चूक केली, ती आजही बोचते.

आणखी एक. तिची समज वयाच्या पुढे असली तरी मन नऊ वर्षांचेच आहे, त्यामुळे एका चुकीवरून ती रडली तर ‘एवढी हुशार असून रडतेस?’ असे कधीही म्हणू नका. तिच्या शेजारी बसा, चुकलेली पायरी दोघी मिळून शोधा आणि तिच्या आईवडिलांनाही घरी तसेच करायला सांगा.