दम लागायच्या आधी थांब

अंबाजोगाई

प्रिय लेकरा,

"बाई, पुढच्या वर्षी कैलासाला जायचंच. काय काय लागेल तेवढं सांगा," असं म्हणून तू फोन ठेवलास. तेवढं फोनवर सांगून होणार नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

कागदांचं आधी उरकते. तुझा पासपोर्ट नाही, तर याच महिन्यात अर्ज कर. यात्रेच्या वर्षी १ सप्टेंबरला त्याची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. यात्रा परराष्ट्र मंत्रालय नेतं, अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर भरायचा आणि निवड संगणकाच्या सोडतीने होते. वय १८ ते ७०, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ पर्यंत. २०२० ते २०२४ अशी पाच वर्षं यात्रा बंद होती. २०२५ ला पुन्हा सुरू झाली तेव्हा उत्तराखंडातल्या लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नास जणांचे पाच जथ्थे आणि सिक्कीममधल्या नाथू लामार्गे दहा जथ्थे ठरले होते, म्हणजे देशभरातून साडेसातशे माणसं. अर्जाची मुदत १३ मेला संपली होती. तेव्हा एप्रिल लागला की रोज संकेतस्थळ उघडून बघत जा. नंबर नाही लागला तर पुढच्या वर्षी पुन्हा भर.

आता पैशाचं. २०२५ ला लिपुलेखच्या वाटेने पावणेदोन लाखांच्या आसपास आणि नाथू लाने पावणेतीन लाखांच्या वर खर्च सांगितला होता. बूट-कपडे वेगळे. हे पैसे तुझ्या पगारातून आवर्ती ठेवीत टाक. वडिलांच्या सोयाबीनच्या पट्टीला हात लावू नकोस, बचत गटाची उचल नको, आईच्या पाटल्या गहाण नकोत. उसन्या पैशाने गेलेलं माणूस त्या वाटेवरून अर्ध्यातून परत फिरायला तयार होत नाही, आणि तिथे तर परत फिरता आलंच पाहिजे. असं का म्हणते, ते पुढे सांगते.

आपण बालाघाटच्या पठारावरची माणसं, समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर राहणारी. तिबेटमधलं मानसरोवर ४,५९० मीटरवर आहे. परिक्रमेत जी खिंड ओलांडायची ती डोल्मा ला ५,६३० मीटरच्या आसपास. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या निम्माच तिथे मिळतो. कैलास ६,६३८ मीटरचा. त्यावर कोणी चढत नाही. त्याला वळसा घालायचा, बावन्न किलोमीटरचा, तीन दिवसांत. आपल्यासाठी तो शंकराचं घर. जैनांसाठी ऋषभदेवांचं निर्वाणस्थान, अष्टापद. बौद्धही आपल्यासारखी उजवी प्रदक्षिणा घालतात. तिबेटचा जुना बोन धर्म पाळणारे मात्र उलट्या दिशेने चालतात. ते समोरून येताना दिसतील तेव्हा चकित होऊ नकोस, हसून वाट दे.

मी २०१४ साली लिपुलेखच्या वाटेने गेले होते. तेव्हा धारचुल्याच्या पुढे नारायण आश्रमापासून पायीच जायचं. सिरखा, गाला, बुधी, गुंजी असे मुक्काम. गाल्याच्या पुढची ती ४,४४४ पायऱ्यांची उतरण, खाली काली नदीचा आवाज, मग मालपा. तिथे १९९८ च्या ऑगस्टमध्ये रात्री दरड कोसळून यात्रेकरूंचा जथ्थाच्या जथ्था गाडला गेला होता. तिथून जाताना आमच्यात कोणी बोललं नाही. त्या वाटेने आम्हाला फार दमवलं, पण आज कळतं की त्या दमण्यातच शरीर तयार होत होतं. दर दिवशी थोडं चढायचं, थोडं उतरायचं, रात्री निजायचं. रक्ताला त्या हवेची सवय व्हायला वेळ मिळायचा.

मे २०२० मध्ये धारचुला ते लिपुलेख रस्त्याचं उद्घाटन झालं. आता गुंजीपर्यंत गाडी जाते. धारचुला नऊशे-साडेनऊशे मीटरवर, गुंजी बत्तीसशेच्या वर. जे अंतर आम्ही चार-पाच दिवसांत काटलं ते गाडीत बसून एका दिवसात होतं. पाय दुखत नाहीत म्हणून माणसाला वाटतं, आपण ठणठणीत आहोत. रस्ता झाला हे चांगलंच झालं, वरच्या गावांतल्या आजारी माणसांना खाली आणता येतं. पण तुझ्या शरीराचा जो वेळ गाडीने वाचवला, तो तुला मुक्कामावर परत द्यायचा आहे. गुंजीला पोचल्यावर फोटोसाठी टेकडीवर पळायचं नाही. तीन-चार लिटर पाणी, हलकं जेवण, झोपेची गोळी अजिबात नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. जथ्थ्याचं वेळापत्रक तुझ्या हातात नसेल, पण तुझी चाल तुझ्या हातात आहे. दम लागल्यावर सगळेच थांबतात. तू दम लागायच्या आधी थांब.

तू म्हणालीस, मी रोज पाच किलोमीटर पळते. पळ, चांगलं आहे. निघण्याआधी दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते, तिथे त्याचा उपयोग होईल. पण उंचीचा आजार दंडाला किंवा मांडीला विचारून येत नाही. शेगावची पालखी आपल्याकडून जाते तेव्हा तिच्यासोबत पंढरपूरपर्यंत चालत जाणारे सत्तरीचे आजोबा तू पाहिलेस. तेही तिथे आजारी पडू शकतात आणि एखादा बारीक चणीचा दुकानदार निवांत चालून येतो. आणि तरणी माणसं जास्त सापडतात, कारण ती भराभर चालतात आणि दुखणं लपवतात.

आता ते सांगते.

माझ्या खोलीत एक मुलगी होती. तिशीची, दुसऱ्या राज्यातली, धावण्याच्या शर्यतींत बक्षिसं मिळवलेली. माझी पिशवीसुद्धा तीच उचलायची. लिपुलेख ओलांडून आम्ही तिबेटमधल्या तकलाकोटला उतरलो त्या रात्री तिचं डोकं दुखत होतं. तिने दोन गोळ्या घेतल्या आणि मला म्हणाली, "मॅडम, कोणाला सांगू नका, मला इथेच ठेवतील." मी सांगितलं नाही. कैलासाच्या पायथ्याशी, दारचेनला पुन्हा तेच झालं. जेवली नाही. तेव्हाही मी गप्प राहिले. तिचं मन मोडू नये असं मला वाटलं. एकोणतीस वर्षं मुलं शिकवली, कोणतं लेकरू ताप लपवतंय हे चेहऱ्यावरून ओळखायची मी, आणि तिथे गप्प बसले.

परिक्रमेच्या पहिल्या दिवशी यमद्वारापासून चालत आम्ही मुक्कामाला, डेरापुकला पोचलो. तिथे कैलासाची उत्तर बाजू अगदी समोर उभी असते. सगळे बाहेर हात जोडून उभे होते. ती खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडीचा फास करायची आणि दुसरं टोक त्यातून ओवायला जायची, ते बाजूलाच जायचं. चार वेळा. मला वाटलं बोटं गारठली असतील, म्हणून मी तिचे हात हातात घेतले. ते गरम होते. मग ती उठली आणि भिंत धरून चालू लागली, प्यालेल्या माणसासारखी. तेव्हा मी धावत गेले.

जथ्थ्यात एक डॉक्टर होते. त्यांनी तिला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, टाचेपुढे पंजा, पंजापुढे टाच. तिसऱ्या पावलाला ती बाजूला कलली. मेंदूला सूज येत होती. प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं, आणि रात्रीच गाडी मिळवून तिला खाली आणलं. तिच्यासोबत कोणीतरी जायला हवं होतं. मी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तकलाकोटला ती सरळ रेघेत चालली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

त्यामुळे डोल्मा ला मी पाहिलेली नाही. खिंडीपलीकडचं गौरीकुंडही नाही. दुसऱ्या दिवसाबद्दल जे सांगते ते जथ्थ्यातल्या लोकांनी सांगितलेलं आहे: वीस-बावीस किलोमीटरची चाल, पहाटे अंधारात निघायचं, घोडा केला असला तरी उतरणीला पायीच उतरावं लागतं, आणि खिंडीवर पताकांजवळ पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

तिला वेळेत खाली आणलं याचं समाधान आहे. तकलाकोटलाच बोलले असते तर ती तिथे दोन दिवस थांबून कदाचित बरी झाली असती, हेही मनातून जात नाही. म्हणून तुझ्याकडून एक कबुली हवी आहे. निघण्यापूर्वी जथ्थ्यातल्या एका माणसाला स्वतःहून सांगून ठेव: माझं डोकं दुखलं, उलटी झाली, पाय अडखळला, आराम करतानाही धाप लागली किंवा खोकल्यातून फेस आला, तर मी नको म्हटलं तरी तुम्ही सांगायचं. आणि दुसऱ्या कोणी तुला "कोणाला सांगू नकोस" म्हटलं, तर त्याचं मन मोड. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर घे, पण खाली ९७ दाखवणारं यंत्र तिथे ८० च्या घरात आलं म्हणून घाबरू नकोस, आणि आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी अंगावरही काढू नकोस. उंचीच्या आजारासाठी ॲसिटाझोलामाईडची गोळी असते. ती घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांग.

बायकांचं म्हणून एक. पाळीची तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, डॉक्टरबाईंना विचार आणि उंचावर जातेस हे आधी सांग. उंचीवर तारीख तशीही मागेपुढे होते, म्हणून सगळं सामान सोबत ठेव आणि वापरलेलं घट्ट बांधून परत आण, तिथे टाकायचं नाही. पाळीत परिक्रमा चालते का, असं तुझी आजी विचारील. मी माझ्या सासूला सांगितलं होतं की पार्वती तिथेच राहते, तिला सगळं ठाऊक आहे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण निघताना माझ्या पिशवीत दशम्या बांधून दिल्या.

खाण्याचं नीट बघ. वर भूकच मरते. यात्रेत डाळ-भात मिळतो, पण दोन घास जायला चव लागते. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू ने. धपाटे दिल्लीपर्यंतच टिकतील.

कपड्यांत सुती काही अंगाशी नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि गारठवतं. पातळ-पातळ तीन थर कर. काळा चष्मा चांगला घे, बर्फावरच्या उन्हाने डोळे जातात. बूट सहा महिने आधी घे आणि रोज घाल. पायाची नखं उतरणीच्या आधी कापलेली हवीत, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडून गळतं.

पाऊस ओसरला की दिवाळीच्या आधी तुंगनाथला जाऊन ये. पंचकेदारांतलं सगळ्यात उंच देऊळ, ३,६८० मीटर. चोपत्यापासून साडेतीन-चार किलोमीटर चढ. वाट बांधलेली आहे. उंचावर तुझं शरीर कसं वागतं ते तिथे स्वस्तात कळेल. दिवाळीच्या आसपास देऊळ हिवाळ्यासाठी बंद होतं, कधी दिवाळीच्या आधीही, तेव्हा तारखा बघून जा.

आणि त्याच्याही आधी एक दिवस वेरूळ. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्यात जा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कोरलेलं, शिखरापासून खाली असं उलटं कोरत आणलेलं. हिमालयापलीकडचा तो पर्वत फारसा कोणी पाहिला नसेल अशा मुलुखात कोणीतरी त्याला दगडात उतरवलं. अंगणातून त्याला एक पूर्ण वळसा घाल, सावकाश. दक्षिणेकडे रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. वीस हात लावलेत त्याने. वर शंकर निवांत बसलेला आहे. तिथे थोडा वेळ उभी राहा.

रविवारी पहाटे साडेपाचला मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ये. पाठीवर चार लिटर पाणी घे. खाली जाऊन वर यायचं, दोनदा, आणि तू माझ्या चालीने चालायचंस, मी तुझ्या चालीने नाही. बूट घरून घालून येऊ नकोस. पिशवीत आण. नाड्या तिथे माझ्यासमोर बांध, मला बघायच्या आहेत.

तुझ्या
बाई