आडनिड्या बाथरूमला शॉवरची काच : आधी पाणी कुठे उडतंय ते बघा

चार फूट रुंद, साडेसात फूट लांब बाथरूम, दार लांब भिंतीत आणि आत उघडणारं, टोकाच्या भिंतीवर खिडकीखाली शॉवर, त्याला लागूनच कमोड. शिवाय सासूबाई तिथेच स्टुलावर बसून बादलीने आंघोळ करतात. अशा जागी सरकती काच लावावी की उघडणारी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. एकच स्थिर काच लावा आणि बाकीची वाट मोकळी ठेवा.

चार फुटांत सरकत्या काचेला वाट उरते जेमतेम दीड-पावणेदोन फूट. खालच्या पट्टीत साबणाचा गाळ साचतो तो वेगळाच. उघडणारी काच आत ढकलली तर स्टुलाला अडते, बाहेर ओढली तर कमोडला. आणि देव न करो, पण सासूबाई आत घसरल्या तर काच त्यांच्याच अंगावर अडेल, तुम्हाला आत जाता येणार नाही. मला ही काळजी सगळ्यात मोठी वाटते.

म्हणून कमोडच्या बाजूच्या भिंतीला धरून २४ इंचांची काच, समोर २४ इंचांची वाट. कमोडच्या मध्यापासून काचेपर्यंत निदान १५ इंच सुटले पाहिजेत, नाहीतर बसताना कोपर काचेला लागेल. उंची साडेसहा फूट पुरे, वरून वाफ निघून जाते.

आता खरी अडचण. तुमचा शॉवर टोकाच्या भिंतीवर आहे, म्हणजे फवारा सरळ वाटेकडे येणार. टाइल्स अजून बसल्या नसतील तर प्लंबरकडून पाइप कमोडच्या बाजूच्या भिंतीवर फिरवून घ्या, माणूस काचेच्या आडोशाला उभा राहील. काच सांगण्याआधी एक करा: जिथे काच येणार तिथे दोरी बांधून प्लास्टिकचा पडदा तेवढ्याच रुंदीचा सोडा आणि चार दिवस घरातल्या सगळ्यांनी तशीच आंघोळ करा. फरशी कुठवर भिजते ते खडूने आखून ठेवा. आमच्याकडे यातूनच कळलं की पाणी शॉवरचं कमी आणि तांब्याने डोक्यावर घेतलेलं जास्त उडतं.

काच पाणी अडवते, वाहून नेत नाही. ते काम ढाळाचं. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, चार फुटांत अर्धा-पाऊण इंच तरी ढाळ हवा. गवंडी समोर असतानाच बादलीभर पाणी ओतून बघा. ग्रॅनाइटचा उंबरठा मी घालणार नाही, सासूबाईंचा पाय अडखळेल.

माप टाइल्स बसल्यावरच घ्यायचं, आणि खाली, मध्ये, वर अशा तीन ठिकाणी. टफन्ड काच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली, एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, घासून कमीही करता येत नाही. आमच्या काचवाल्याने फक्त खाली माप घेतलं. भिंत ओळंब्यात नव्हती, वर बोटभर फट राहिली. ती सिलिकॉनने भरली, आणि पहिल्या पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरली. दर सहा महिन्यांनी ते खरवडून पुन्हा भरावं लागतं. तुम्ही ओळंबा स्वतः हातात धरून बघाच.

जाडी ८ मिमी चालेल, पण मोकळी कड हलू नये म्हणून वरून समोरच्या भिंतीपर्यंत स्टीलचा दांडा घ्या. एवढी काच साधारण २४ किलो भरते, त्यामुळे खिट्ट्या पोकळ बसलेल्या टाइलमध्ये ठोकू देऊ नका. टाइल आधी नाण्याने वाजवून बघा. टफन्डचा शिक्का, आयएस २५५३ (सुरक्षित काचेचं भारतीय मानक), कोपऱ्यात उमटवलेला असतो, तो बघूनच काच ताब्यात घ्या. धातूचे भाग ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर खाराचे डाग धरणारच. रबरी वायपर काचेशेजारीच टांगा आणि आंघोळ झाली की ओढा. सासूबाईंना धरायला आडवा दांडा हवाच, तो भिंतीत पक्का बसवा. काचेच्या वरचा दांडा त्यासाठी नाही, हे त्यांनाही सांगून ठेवा.

पाइप अजून फिरवता येतो का, ते आधी कळवा. येत नसेल तर काच २८ इंचांची करून वाट २० इंचांवर आणावी लागेल, आणि तेवढ्या वाटेतून सासूबाईंना बादली घेऊन जाता येतं का, ते पडदा लावूनच बघावं लागेल.