खालिदची बडतर्फी एका ओळीत उरकू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

निबंधाचा खर्डा दोनदा वाचला. उहुदच्या लढाईत (625) मुसलमानांविरुद्ध लढलेले अरब सेनानी खालिद बिन वलीद 636 मध्ये यर्मूकला बायझंटाइन (पूर्व रोमन) फौजेविरुद्ध मुस्लिम सैन्यात उभे आहेत, हा प्रवास तू जीव ओतून लिहिलास. पण त्यांची बडतर्फी मात्र ‘खलिफा उमर यांना मत्सर वाटला’ एवढ्यावर संपवलीस. मला वाटतं, तुझा खरा विषय तिथेच आहे.

इतिहासकार तबरीने दिलेला सीरियातल्या होम्स शहराचा प्रसंग सावकाश वाच. खालिद यांनी अशअस बिन कैस या टोळीप्रमुखांना 10,000 दिरहम बक्षीस दिल्याची बातमी मदीनेला उमर यांच्याकडे पोहोचली आणि हुकूम सुटला. भरल्या सभेत सीरियातले मुख्य सेनापती अबू उबैदा मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) गप्प बसून राहिले. बिलाल पुढे झाले, त्यांनी खालिद यांची टोपी उतरवली आणि त्यांच्याच फेट्याने त्यांना बांधलं. पैसे स्वतःचे की लुटीतले, असा सवाल झाला. ‘स्वतःचे’ हे उत्तर मिळताच त्यांना सोडलं, टोपी परत चढवली, आणि फेटाही बिलाल यांनीच बांधून दिला. पद मात्र वाचलं नाही. स्वतःचे असतील तर उधळपट्टी, लुटीतले असतील तर अफरातफर, असा उमर यांचा हिशेब होता.

कोणाचे हात कोणाला बांधत आहेत, ते पाहा. बिलाल एकेकाळचे गुलाम, इस्लाम स्वीकारणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. खालिद मक्केच्या कुरैश टोळीतल्या मातब्बर मख्झूम घराण्यातले, आणि इस्लाममध्ये उशिरा आलेले. शस्त्र खालिद यांच्या हाती होतं, पण सत्ता मदीनेत होती.

आता दुसरी बाजू. तबरी वारला 923 मध्ये, म्हणजे या घटनांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. बडतर्फीचं पत्र एका कथनात ऐन यर्मूकच्या रणात येतं, दुसऱ्यात दमास्कसच्या वेढ्यात, आणि होम्सची हकीकत आणखी पुढची. आल्ब्रेख्ट नोथ या जर्मन अभ्यासकाने दाखवलं, की असे ठरावीक साचे या वृत्तांतांत पुन्हापुन्हा येतात. पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक यांनी 1977 मध्ये मुस्लिम साधनं बाजूला ठेवून बाहेरच्या साधनांवरून इतिहास मांडून पाहिला. फ्रेड डॉनर यांनी 1981 मध्ये याच अरबी साधनांतून, या मोहिमांमागे मदीनेची राज्ययंत्रणा होती असं मांडलं. मला डॉनर जवळचे वाटतात. चिटणीस बखर शिवाजी महाराजांनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली, म्हणून आपण ती जाळत नाही आणि डोळे मिटून मानतही नाही. तीच शिस्त इथे ठेव.

एक विनंती मनापासून. ‘पाश्चात्त्य म्हणतात’ आणि ‘मुसलमान मानतात’ असे दोन गठ्ठे करू नकोस. नोथ आणि डॉनर यांचं आपसात पटत नाही. तबरी तर परस्परविरोधी कथनं सांगणाऱ्यांच्या नावांनिशी शेजारीशेजारी ठेवतो. तुझ्याआधी हजार वर्षं त्याने मतभेद लपवले नाहीत, तू का लपवावेस?

पुढच्या रविवारी ये. बडतर्फीची तिन्ही कथनं वेगवेगळ्या कागदांवर उतरवून आण, प्रत्येकावर सांगणाऱ्याचं नाव हवं. ‘मत्सर’ हा शब्द तोवर खोडून ठेव.