मोटरहोमला जॅक लावले तर खाली घासतील का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम बनवून घेतोय, आईबाबा अन् पोरांना घेऊन चिखलदरा, लोणार फिरायचं आहे. मुक्कामाला गाडी लेव्हलमध्ये राहावी म्हणून बॉडीवाला चार हायड्रॉलिक जॅक लावायचं म्हणतो, पण मागचे जॅक जमिनीपासून नऊच इंच राहतात. घरी यायला नाल्यावर रपटा (बुटका पूल) आहे, गावात स्पीड ब्रेकर, पुढे वावराचा पांदण रस्ता. लावावे का नाही?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, जॅक लावा, पण ते मागच्या चाकापासून किती लांब बसतात ते आधी बघा, कारण नुसत्या नऊ इंचावरून काहीच कळत नाही. ट्रॅव्हलरचं मागच्या चाकामागचं अंग लांब असतं अन् तिथे जागा मोकळी मिळते म्हणून जॅक पार बंपरजवळ टाकले जातात, अन् गडबड तिथेच होते. तुमचा रपटाच घ्या, रपटा ओलांडून मागचं चाक चढाला लागतं तेव्हा मागचं अंग अजून सपाट काँक्रिटवरच असतं म्हणून ते खाली दबतं. जॅक चाकापासून पाच फूट मागे असेल तर पाच फुटाला नऊ इंच एवढा चढ आला की जॅकचा पाय टेकलाच, अन् असा चढ आपल्याकडे नाल्यानाल्यावर आहे. तोच जॅक दीड फुटावर घेतला तर दीड फुटाला नऊ इंच चढ लागेल, तेवढा उभा रस्ता सहसा भेटत नाही. पुढचे जॅकही पुढच्या चाकाच्या जितके जवळ तितकं बरं. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा ब्रेकर साधारण १० सेंटीमीटर उंच अन् चांगला तीन-चार मीटर रुंद असतो, त्यावर अडचण नाही, पण गावात गिट्टी-डांबर ओतून केलेले अरुंद ब्रेकर असतात, त्यावर पुढच्या अन् मागच्या चाकांच्या मधलाच भाग घासतो.

दुसरं म्हणजे, गाडी चालताना आडवे होऊन चेसिसला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) चिकटणारे फोल्डिंग जॅक मिळतात, महाग पडतात पण पांदणीवर रोज जाणं असेल तर मी तेच घ्या म्हणेन. बजेट नसेल तर कमी लांबीचे सरळ जॅक घ्या अन् उरलेली उंची खाली जाड लाकडी ठोकळे ठेवून भरून काढा, यात क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनचं अंतर, बराच वाचतो.

माप रिकाम्या गाडीचं घेऊ नका. पाण्याची टाकी २०० लिटरची असली तर नुसत्या पाण्याचेच २०० किलो झाले, वरून गादी, सिलिंडर, माणसं, मग स्प्रिंगचे पाटे बसतात अन् नऊचे सात इंच व्हायला वेळ लागत नाही.

आता काळ्या मातीचं. पावसाळ्यात ती भिजून फुगते अन् जॅकचा पाय सरळ आत जातो, म्हणून खाली दोन बाय दोन फुटाची जाड फळी टाका, एक बाय एकच्या फळीपेक्षा दाब पाव होतो. अन् निघताना वाकून प्रत्येक जॅक पूर्ण वर गेला का ते डोळ्यानं बघा, पायाला चिकटलेला चिखल वाळून घट्ट बसतो, स्प्रिंग ओढते पण जॅक दोन-तीन इंच खालीच राहतो अन् केबिनमध्ये बसून ते समजत नाही. बॉडीवाल्याला सांगून जॅक खाली असेपर्यंत वाजणारा बझर लावूनच घ्या.

लेव्हल करताना मागची दोन्ही चाकं कधीच उचलू नका, अशा गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर काम करतो, ती अधांतरी झाली की गाडी जॅकवरून सरकू शकते, अन् आत म्हातारी माणसं झोपलेली असतात. उतार जास्त असेल तर जागा बदला. जॅकचे ब्रॅकेट चेसिसच्या चॅनललाच, नटबोल्टनं, फ्लोअरच्या पत्र्याला नाही.

अन् वर्षातून दोनदाच फिरणार असाल तर चाकाखाली लाकडी पाट्या ठेवूनही गाडी लेव्हल होते, त्यात क्लिअरन्स एक इंचही जात नाही.