ज्यांच्या धर्मावर बोलायचं, ते समोर हवेत

विद्यापीठात धर्म या विषयावर सर्वांना खुली व्याख्यानं ठेवायची आहेत, पण वाद पेटेल म्हणून विभागातली मंडळी कचरतात, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. बडोद्यात मी बरीच वर्षं अशा कार्यक्रमांच्या जुळवाजुळवीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या गावाला हे नवं नाही, हे आधी विभागाला सांगा. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा कॉलेजात आल्बन विजरी हे इंग्रज प्राध्यापक धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवत. विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली हाच विषय शिकायला ऑक्सफर्डला गेले, त्यांनाही महाराजांचं साहाय्य होतं. हे अर्जात लिहा.

वक्ता कुठल्या धर्माचा असावा, यावर तुमची बैठक अडकेल. स्कॉटलंडच्या विद्यापीठांत 1888 पासून गिफर्ड व्याख्यानं होतात. ज्यांच्या देणगीतून ती सुरू झाली त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की वक्ता कुठल्याही पंथाचा चालेल, कुठलाच न मानणाराही चालेल. मला तर वक्त्यापेक्षा श्रोते महत्त्वाचे वाटतात. ज्या धर्माबद्दल बोलणं चाललंय तो पाळणारी माणसं समोर बसलेली हवीत, आणि त्यांना बोलायला वेळ हवा.

हे मी एका चुकीतून शिकले. उपवासावर व्याख्यान होतं. वक्ते विद्वान, पण जैनांच्या उपवासाला त्यांनी सरळ 'देहदंड' म्हणून टाकलं. प्रश्नांना आम्ही जेमतेम दहा मिनिटं ठेवली होती. तिसऱ्या रांगेतल्या एक बेन उठल्या. त्यांनी नुकतीच अठ्ठाई केली होती, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताआधी. त्या म्हणाल्या, रोज सकाळी पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, घेतल्याशिवाय माझा उपवास सुरूच होत नाही. नुसतं न खाणं म्हणजे उपवास नव्हे. त्यावर मागून एक मुस्लिम विद्यार्थी म्हणाला, रोज्यालाही आधी नियत लागते, म्हणजे मनाशी तसं ठरवावं लागतं. मला आमच्या घरच्या व्रतांचा संकल्प आठवला, हातावर पाणी घेऊन सोडायचा. तीन घरांतली एकच गोष्ट सभागृहात आपोआप समोर आली, आणि तेवढ्यात शिपाई दिवे मालवायला आला! ती संध्याकाळ अर्धवट राहिल्याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून आम्ही व्याख्यान चाळीस मिनिटांचं आणि चर्चाही तेवढीच ठेवतो. विषय 'अमुक धर्म आणि शांती' असा घेत नाही. उपवास, दान, अंत्यसंस्कार, तीर्थयात्रा असा घेतो, म्हणजे ज्याला त्याला सांगण्यासारखं स्वतःचं काही असतं. प्रश्न मराठी, गुजराती, हिंदी कशातही चालतात. उभं राहून बोलायला संकोचणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवतो. चिठ्ठी बोचरी असली तरी वाचतो. दडवली की कुजबुज सुरू होते. अध्यक्ष मात्र खमका हवा, 'तुम्ही लोक' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवणारा.

तारखा नीट बघा. पर्युषणात संध्याकाळी जैन मंडळी प्रतिक्रमणाला, म्हणजे झाल्या चुकांची क्षमा मागण्याच्या विधीला, जातात, रमजानात तीच वेळ रोजा सोडायची, आणि गणपतीत आपली मराठी माणसं आरतीला घरी. उपवासावरचं व्याख्यान तेव्हा ठेवलंत तर ज्यांनी यायला हवं नेमके तेच येणार नाहीत.