हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर पहिल्यांदाच ट्राउटसाठी फ्लाय फिशिंगला जातोय, नदी अजिबात ओळखीची नाही, काय सल्ला द्याल?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या शेवटी तीर्थनकाठच्या गुशैनीला जाताय, 5 वेटचा (म्हणजे मध्यम वजनाची लाइन टाकणारा) रॉड नवीन घेतलाय, आणि फ्लाय, म्हणजे किड्यासारखे दिसतील असे बांधलेले गळ, कुठल्या घ्यायच्या आणि गाइड करावा का एवढंच सांगा. फ्लायचं शेवटी सांगते. त्याआधीचं जे आहे ते कुणी सांगत नाही आणि माझ्या मते अनोळखी नदीवर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहिला एक तास रॉड पिशवीतून काढूच नका. काठावर बसा आणि पाणी बघा.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे आणि मला तो वाद हरायचा नाहीये, कारण माझं बरोबर आहे.

माझं माहेर भोरकडचं. नीरेच्या काठावर आण्णांबरोबर गळ टाकतच मी मोठी झाले, गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, मरळ लागायची, चिलापी लागायची. फ्लाय रॉड हातात आला तो लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. आण्णांचं एक होतं, नदीवर पोचल्या पोचल्या गळ काढू द्यायचे नाहीत. "आधी पाणी बघ गं पोरी, सावली पाडू नको" एवढं बोलायचे आणि विडी पेटवून बसायचे. धार कुठून चाललीय, डोह कुठं संपतो, फेस कुठल्या कडेनं वाहतोय, हे बघायचं. लहानपणी कंटाळा यायचा पण सवय लागली ती लागलीच.

तर तीर्थनला आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र. या भाऊजींचं कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, खरंच सुंदर आहे, पुण्यात मैदानावर प्रॅक्टिस करून करून हात बसवलाय, 15 मीटरवर ठेवलेल्या ताटलीत फ्लाय टाकतात. वेडर्स (पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ पँट), बूट, जॅकेट, सगळं बाहेरून मागवलेलं. जातानाच गाडीत मला म्हणाले, "वहिनी, गळ टाकणं वेगळं आणि फ्लाय फिशिंग वेगळं, तिथलं इथं चालत नाही." मी तेव्हा गप्प बसले.

सकाळी 7 ला नदीवर पोचलो. भाऊजी पाच मिनिटांत तयार होऊन थेट पाण्यात, गुडघ्याच्या वर, आणि तिथून पलीकडच्या काठाला लांब लांब कास्ट सुरू. आणि ते जिथून पाण्यात उतरले ना, अगदी काठालगत, एका मोठ्या धोंड्याच्या मागे जे संथ पाणी होतं, तिथून एक काळपट सावली सर्रकन वर निघून गेली. मी वरून बघत होते म्हणून मला दिसली, त्यांना दिसली नाही. म्हणजे ज्या माशासाठी हजार मैल आलो तो पायाखालून पळाला आणि हे फ्लाय टाकताहेत पलीकडं.

इथं जरा ट्राउटचं सांगते. तो नेहमी प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो. जोरदार धारेत उभं राहायला ताकद लागते म्हणून तो धारेच्या शेजारच्या संथ पाण्यात, दगडाच्या आडोशाला थांबतो आणि शेजारून वाहत येणारं खाणं टिपतो, पंगतीत बसल्यासारखा, वाढणारा आपणहून समोर येतो. तीर्थनसारखी नदी म्हणजे सगळा धोंड्यांचा खळाळ, प्रत्येक धोंड्यामागं एक जागा, आणि त्यातल्या कितीतरी जागा काठापासून हातभर अंतरावर. म्हणून आधी काठाजवळचं पाणी, मग मधलं, मग पलीकडचं. आणि मासा धारेच्या वरच्या अंगाला तोंड करून उभा म्हणजे आपण खालच्या बाजूनं, त्याच्या मागून जायचं, वाकून जायचं. पाण्यात दगड खडखडवत चाललात तर ते हादरे त्याला अंगानंच कळतात, डोळ्यांनी बघायचीही गरज पडत नाही.

मी तासभर बसले होते. एप्रिलमध्ये सकाळी तीर्थनच्या पाण्यात हात घातला तर बधिर होतो, इतक्या गार पाण्यात मासे सुस्त असतात, ट्राउटला साधारण 10 ते 16 डिग्रीचं पाणी मानवतं. ऊन खाली पाण्यापर्यंत आलं की किडे हलायला लागतात, मग मासेही. म्हणजे सकाळचा तास बघण्यात गेला तर तुमचं काहीच जात नाही, हे भाऊजींना मी आजही पटवून देऊ शकलेले नाही. मग दगड उलटे करून बघितले, खालच्या बाजूला चपटे तपकिरी किडे चिकटलेले, मागं तीन शेपट्या, म्हणजे मेफ्लायचे निम्फ, पाण्यात वाढणारी पिल्लं. दोन जाड शेपट्यांचे दिसले तर बहुतेक स्टोनफ्लाय. आणि वाळूच्या कणांच्या बारीक नळ्या करून त्यात राहणाऱ्या कॅडिस किड्याच्या अळ्या. झालं, मासा काय खातोय ते नदीनंच सांगितलं, दुकानदाराला कशाला विचारायचं?

14 नंबरचा (हे गळाचं माप) फेझंट टेल निम्फ, म्हणजे तसल्याच किड्याची नक्कल असलेली फ्लाय, बांधला. भाऊजी तोवर वरच्या वळणाला गेले होते. मी खालून गुडघ्यावर सरकत एका खडकाआड गेले, जेमतेम दोन रॉड लांबीची लाइन बाहेर, रॉड उंच धरलेला म्हणजे मधल्या जोरदार धारेला लाइन टेकू नये. हे फार मोलाचं आहे, लाइन धारेत पडली की ती फ्लायला ओढते, आणि खरा किडा कधी धारेपेक्षा जोरात पळत नाही, ट्राउट लगेच ओळखतो. लांब कास्टमध्ये मधल्या तीन-चार वेगवेगळ्या वेगाच्या धारांवर लाइन पडते, मग कितीही सुंदर टाका, फ्लाय ओढलीच जाणार. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा फ्लाय धारेबरोबर वाहत येताना लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक पारदर्शक दोरा, किंचित थबकला, मी रॉड उचलला आणि लागला. ब्राउन ट्राउट, वीतभराहून जरा मोठा, अंगावर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडं. हात ओले करून पाण्यातच गळ काढला आणि सोडला. वरच्या पुढच्याच धोंड्यामागं दुसरा.

भाऊजी परत आले, त्यांना काही लागलं नव्हतं, नवऱ्यानं सांगितलं तर म्हणाले, "बिगिनर्स लक." बिगिनर? मी सात-आठ वर्षांची असल्यापासून नदीवर आहे. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढलं, गढूळ झालं, आणि दिवस संपला. रात्री जेवताना परत तेच, आणि अजूनही ग्रुपवर कुणी मासेमारीचा फोटो टाकला की त्यांचं ठरलेलं, वहिनींचं नशीब. नशीब नव्हतं ते. खालून जाणं, वाकणं, जवळ टाकणं, बघणं, हे सगळं मी मुद्दाम केलं होतं, आणि ते आण्णांनी नीरेवर शिकवलं होतं. मासा वेगळा, आमिष वेगळं, देश थंड, पण पाणी दगडाला वळसा घालून जसं भोरला जातं तसंच गुशैनीला जातं. गळ टाकणाऱ्या माणसाला फ्लाय फिशिंग जमत नाही म्हणणारे लोक मला मान्य नाहीत, उलट त्यांचं अर्धं शिक्षण आधीच झालेलं असतं. तुम्ही गावाकडं गळ टाकलेला असेल तर बिनधास्त जा.

तसं बघितलं तर ट्राउटही तिथला नाहीच. इंग्रजांनी आणला. काश्मीरमध्ये 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आली आणि कुल्लूत 1909 मध्ये महिलीला हॅचरी (माशांची अंडी उबवायचं केंद्र) झाली ती काश्मीरहून आणलेल्या अंड्यांवर. तेव्हा त्या माशाभोवती जो साहेबी थाट लोकांनी उभा केलाय, त्याला मी तरी घाबरत नाही.

पैसे कशावर घालायचे ते सांगते. पोलराइज्ड गॉगल चांगला घ्या, त्याच्याशिवाय पाण्याच्या आत काही दिसत नाही. न घसरणारे बूट घ्या, तिथले धोंडे शेवाळानं भयंकर निसरडे असतात. वेडर्स नसतील तर अडत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. तीन टोकांचे गळ लावलेले स्पिनर (फिरत्या पत्र्याचं आमिष) नेऊ नका, मासा फाटतो. खायचंच असेल तर होमस्टेवाले फार्ममध्ये वाढवलेला रेनबो ट्राउट करून देतात, छान लागतो, नदीतला ब्राउन ट्राउट सोडून द्या. हे माझं मत आहे, परवाना काढून नियमात बसणारा मासा घरी नेणारे स्थानिक लोक काही चुकीचं करत नाहीत.

आता गाइड. अर्धा दिवस करा, पण त्याला म्हणावं कास्टिंग शिकवू नको, नदी दाखव, तू लहानपणापासून कुठं मासे बघतोस ते दाखव. परवाना मत्स्य विभागाचा लागतो, दिवसाच्या हिशोबानं मिळतो, होमस्टेवाल्यांना आधीच फोन करून विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, ब्राउन ट्राउटच्या विणीमुळं, तुम्ही एप्रिलमध्ये जाताय म्हणजे प्रश्न नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मात्र मासेमारी नाही, ट्रेकला आत जाणार असाल तर रॉड खोलीवर ठेवा.

आणि हो, भाऊजींचं एक बरोबर आहे तेही लिहिते. मोठा, संथ, स्वच्छ डोह असेल, मासे वर येऊन किडे टिपत असतील, तर जवळ जाता येत नाही, तिथं लांब आणि हलका कास्ट लागतोच, मला तो अजून त्यांच्यासारखा येत नाही. आणि मी सांगितलं ते उतरत्या, धोंड्यांच्या नदीचं आहे, सपाट नदीवर हिशोब बदलतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी राहिली. तीर्थनवर धरण नाही, पण खाली लारजीला ती बियास नदीला मिळते आणि बियासवर तिथं धरण आहे. 2014 च्या जूनमध्ये धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे इंजिनीअरिंगचे 24 विद्यार्थी वाहून गेले. त्यामुळं येताजाता बियासच्या पात्रात उतरून दोन कास्ट मारू असं अजिबात करू नका. तीर्थनवरही दुपारी पाणी चढायला लागलं, रंग बदलला, काड्याकचरा वाहत आला की लगेच काठावर, आणि सकाळी ज्या दगडांवरून पलीकडं गेलात ते दुपारी बुडालेले असू शकतात म्हणून आधीच अलीकडं या. जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नका, 2023 च्या पुरानं त्या भागात काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय.

फ्लाय: फेझंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ, 14 आणि 16, थोडे मणीवाले म्हणजे खोल जातात. पाण्यावर तरंगत ठेवायला एल्क हेअर कॅडिस आणि ॲडम्स, 14. लीडर 9 फुटी, टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाला फ्लाय बांधायचा सगळ्यात बारीक दोरा, 5एक्स जाडीचा. प्रत्येकी पाच-सहा घ्या, धोंड्यांत बऱ्याच अडकून तुटतात. दगड उलटून बघितल्यावर वेगळंच काही दिसलं तर माझी यादी सोडा आणि त्याच्यासारखी दिसणारी बांधा.