कर्मचाऱ्यांचा सत्कार वेगळा ठेवू नका

नवी मुंबईतल्या तुमच्या कॉलेजात वर्षअखेरीला विद्यार्थी आणि कर्मचारी दोघांचा गुणगौरव आहे. तो रटाळ होऊ नये म्हणून काय करावं, आणि वेळ वाचवायला शिक्षकेतरांचा सत्कार दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये उरकला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. बाकीचं नंतर सांगतो.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट होतो, 58 भरली तेव्हा निवृत्त झालो. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, टीम यायची होती त्या वर्षी आम्ही दिवाळीची सुट्टी घेतलीच नाही. लॅबच्या सामानाचं स्टॉक रजिस्टर पहिल्या पानापासून जुळवलं, मुदत संपलेली रसायनं बाजूला काढली, प्रत्येक बाटलीवर नवं लेबल. हायड्रोजन सल्फाइड वायू बनवायचं किपचं उपकरण सुटं करून घासणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. त्या वायूचा सडक्या अंड्यांचा वास शर्टातून जात नाही. टीममधल्या एका सरांनी रजिस्टर मधूनच उघडलं, एका नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे दाखवा. मी फडताळातून बाटली काढून समोर ठेवली. ग्रेड चांगली आली.

मग गॅदरिंग. गडकरी रंगायतनचं सकाळचं सत्र मिळालं होतं. विभागप्रमुखांना शाल-श्रीफळ, अहवाल समितीतल्या प्रत्येकाला शाल-श्रीफळ, ज्यांनी समितीत फक्त सह्या केल्या त्यांनाही. नारळ आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावरून मीच आणले होते. आम्ही शिक्षकेतर विंगेत उभे, शाली उलगडून तबकात ठेवायला. आमच्या विभागप्रमुख मॅडम सत्कार घेऊन खाली येताना थांबल्या आणि आपली शाल माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "खरं तर ही तुमची." चांगली बाई. पण शाली घरी होत्या हो. माझी मुलगी त्याच कॉलेजात एस.वाय.ला होती, मैत्रिणींबरोबर मागच्या रांगेत बसली होती. माइकवरून नाव घेतलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं, एवढंच.

सोमवारी उपप्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यासाठी स्टाफरूममध्ये वेगळं ठेवलंय ना, आपल्या माणसांत! तिकडे वेळेचं गणित असतं." वेळेचं गणित मी विंगेतून पाहिलं होतं. पाहुणे घोडबंदर रोडला अडकले म्हणून उशिरा आले, आल्यावर तरुणांनी काय करावं यावर बोलत सुटले, आणि मुलांची बक्षिसं शेवटी रेशनच्या रांगेसारखी भराभर पुढे ढकलली. आमची नावं वाचायला फार तर पाच मिनिटं लागली असती. स्टाफरूममध्ये बटाटेवडा आणि पेनचा सेट मिळाला. तो पेन चांगला चालला, खोटं कशाला बोलू.

आता तुमचा रटाळपणा. पाहुणा एकच बोलवा, राजकारणी नको. आला की त्याच्याबरोबर सत्काराला आणखी दहाजण येतात. तुमचाच माजी विद्यार्थी असेल तर उत्तम. बक्षिसं आधी, भाषण नंतर. नावं वाचणाऱ्याने ती आदल्या दिवशी वाचून बघावीत. सर्टिफिकेटच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट असावं. रिकामं फोल्डर देऊन "नंतर ऑफिसातून घ्या" म्हणणं हा मुलांचा अपमान आहे. चालू वर्षाच्या निकालाची वाट बघत तारीख अडवू नका. 2017 साली मुंबई विद्यापीठाने पेपर स्क्रीनवर तपासायला घेतले तेव्हा निकाल ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबले होते. तसंही बहुतेक कॉलेजं मागच्या वर्षीच्या निकालावर बक्षिसं देतात, आणि तिथेच घोळ होतो: टी.वाय.चा पहिला आलेला पोरगा तोवर नोकरीला लागलेला असतो, बुधवारी सकाळी कुठून येणार? कार्यक्रम रविवारी ठेवा आणि त्याला पत्र नको, फोन करा. नाहीतर ट्रॉफी प्राचार्यांच्या केबिनमधल्या कपाटात धूळ खात पडते.

हे मोठ्या अनुदानित कॉलेजातून बघून लिहितोय. तुमचं कॉलेज लहान असेल, सगळे मिळून वीसेक माणसं, तर वेगळं-एकत्र हा प्रश्नच येत नाही. आणि काहींना स्टेजवर जायला खरंच नको असतं, आमच्या लायब्ररीतल्या एकांना तर घाम फुटायचा. त्यांना आधी विचारा. शिक्षकांवर माझा राग नाही, त्यांचे सत्कार जरूर करा.

यादी मात्र ऑफिसला करू द्या, उपप्राचार्यांना नको. त्यात तासिका तत्त्वावरचे शिक्षक घाला, माळी घाला, सफाईच्या मावशी घाला. "त्या तर ठेकेदाराच्या, आपल्या कुठे?" असं कोणीतरी म्हणेलच. त्यांना विचारा, स्वच्छ परिसराचे फोटो नॅकच्या अहवालात लावले तेव्हा खाली ठेकेदाराचं नाव टाकलं होतं का?